दगड सरकारचे, मग गाव कोणाचे?

औसा तालुक्यातील खरोसा गावच्या टेकडीत मऊ, ठिसूळ दगडात कोरलेली लेणी आहेत. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्वीय पाहणीचे प्रमुख जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात या भागात फिरले. बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेषांवरचा त्यांचा अहवाल १८७८ साली प्रसिद्ध झाला. खरोसा त्या वेळी निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात मोडत असे. खांब, गाभारे, मूर्ती आणि त्यांची मापे यांची जगाला ओळख अशा अहवालांनी करून दिली, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. मात्र या प्रकारच्या लेखनात गावाचे नाव येते ते पत्ता म्हणून. टेकडीखाली माणसे राहतात, ती या लेण्यांत पूजा करतात, पावसात आसरा घेतात, गुरे बांधतात, याची दखल घेतलीच तर ती तक्रारीच्या सुरात घेतली जाते.

त्याच १८७८ साली गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने गुप्तधनाचा कायदा संमत केला. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. न कळवल्यास वाटा बुडेल आणि एक वर्षापर्यंत तुरुंगवासही होऊ शकेल, असा त्याचा आशय. एका वर्षातल्या या दोन घटनांचा एकमेकींशी कारभारी संबंध नाही. तरीही एकाच राज्यकर्त्या वर्गाच्या डोळ्यांतून त्या घडल्या आहेत. एकीत दगडांची मोजदाद आहे आणि दुसरीत त्या दगडाला ज्याचा नांगर लागतो त्या माणसाविषयीचा संशय.

परकी सत्ता जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण वारशाच्या कायद्यातील हे नाते बदलले नाही. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याचा सांगाडा स्वतंत्र भारताने १९५८ च्या केंद्रीय कायद्यात उचलला, आणि महाराष्ट्र राज्य जन्मले त्याच १९६० साली राज्याच्या कायद्यातही तो तसाच उतरला. शासनाने राजपत्रात अधिसूचना काढावयाची, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत द्यावयाची, नोटिशीची एक प्रत स्मारकाजवळ डकवावयाची आणि मुदत संपली की स्मारक संरक्षित. त्यानंतर तेथे कुदळ मारणारा तो गुन्हेगार. पुरावस्तू व कलासंपत्तीचा १९७२ चा कायदा प्रत्यक्षात अमलात आला एप्रिल १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत. त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. घटनेच्या ४९ व्या अनुच्छेदात राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्यसंस्थेवरची जबाबदारी पूर्वीपासून होतीच. या साऱ्यात नागरिकाच्या वाट्याला कर्तव्य आले, शिक्षा आली, नोंदणीचे फॉर्म आले. आपल्या गावच्या वारशाविषयी विचारले जाण्याचा हक्क मात्र कोठेही आला नाही.

१८७८ च्या कायद्यातील एक कलम कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. कागदावर हा कायदा सापडणाऱ्याशी अगदीच कठोर नाही. धनावर कोणाचा मालकी हक्क सिद्ध झाला नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला असा वाटा त्यात आहे. परंतु शासनाला ती वस्तू स्वतःकडे घ्यावयाची असेल, तर द्यावयाची किंमत ठरते ती धातूच्या किमतीवर, वर एक पंचमांश अधिक. म्हणजे सातवाहनांचे शिशाचे नाणे शेतात निघाले तर त्याचा भाव शिशाच्या वजनाने होणार. इतिहासाला त्या नाण्याची किंमत किती, हे कायद्याला ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे मग सरळ हिशेब उभा राहतो. एका बाजूला तहसील, पंचनामा, पोलिसांचे प्रश्न, खोदलेल्या पिकाची नासाडी आणि कधी तरी मिळणारी मजेशीर रक्कम. दुसऱ्या बाजूला सराफाचे दुकान, तेथे रोख पैसे आणि एकही प्रश्न नाही. पुराणवस्तू वितळल्या जातात त्या अज्ञानामुळे, असे शहरी विद्वान म्हणत असतात. वास्तविक हा गरिबाचा अत्यंत व्यवहारी निर्णय असतो आणि तो घ्यायला कायदाच त्याला भाग पाडतो.

मराठवाड्याच्या बाबतीत या गुंत्याला आणखी एक पदर आहे. येथे इंग्रजांचा अंमल थेट नव्हता. निजामी राजवटीवर रझाकारांचे पाप आहे, सरंजामी पिळवणुकीचे ओझे आहे. पण हैदराबाद संस्थानाने १९१४ मध्ये स्वतःचे पुरातत्त्व खाते उघडले, गुलाम यझदानी यांच्यासारखा विद्वान त्याच्या प्रमुखपदी बसवला आणि अजिंठ्याच्या चित्रांचे जतन करण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणवले, हेही सत्य आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. तथापि तेथेही वारसा हा दरबाराच्या प्रतिष्ठेचा विषय होता, रयतेच्या हक्काचा नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतात आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तीन वेळा मालक बदलला आणि तिन्ही वेळा गढ्या, बारवा, किल्ले, शिलालेख एका खात्याच्या दप्तरातून दुसऱ्या खात्याच्या दप्तरात सरकले. गावाला कोणी विचारले नाही.

कागदांची गत याहून बोलकी आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीला २०२३ मध्ये हैदराबादच्या दप्तरखान्यात जावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य करणारा निर्णय काढला. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर या स्तंभाबाहेर पुष्कळ चर्चा झाली आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, जुना कागद, जुनी भाषा, जुनी नोंद हा हौशी संशोधकांचा विषय नसून भाकरीचा विषय होऊ शकतो, हे मराठवाड्यातल्या लहानातल्या लहान खेड्याला या निमित्ताने कळले. आपले कागद आपल्यापाशी नाहीत, आणि असते तरी ती उर्दू-फारसी वाचणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजावी लागतील, हेही कळले.

आता कंधारकडे पाहावे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील शिलालेख येथे सापडला, ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद राष्ट्रकूट मिरवीत, आणि लगतचा जगत्तुंग समुद्र हा तलाव त्याच काळाची आठवण सांगतो. येथील किल्ल्यावर राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंत अनेक राजवटींचे हात फिरले आहेत. किल्ल्याच्या तटाबाहेर प्रचंड आकाराच्या क्षेत्रपाल मूर्तीचे भग्न अवशेष मिळाले. नुसते पाऊल पाहिले तरी अखंड मूर्ती केवढी असेल या विचाराने माणूस थबकतो. असे शिल्प घडवायला किती पाथरवट, किती ओझेवाले, किती बैलजोड्या लागल्या असतील! त्यांची नावे कोणत्याही ताम्रपटात नाहीत. क्षेत्रपाल म्हणजे क्षेत्र राखणारा. त्याचीच राखण करायला आज कोणी नाही, यावर भाष्य करण्याचा मोह टाळलेला बरा.

कायद्याच्या दृष्टीने मात्र कंधारचे हे एकसंध जग तुकड्यातुकड्यांत वाटले गेले आहे. किल्ला एका खात्याचा, तलाव दुसऱ्याचा, गावठाण नगरपरिषदेचे, मंदिर विश्वस्तांचे, दर्गा वक्फचा, आणि शेतात निघालेला मूर्तीचा तुकडा ज्याच्या नजरेस प्रथम पडेल त्याचा. ज्यांनी तलाव बांधला त्यांच्या मनात पाणी, देव आणि तट ही वेगवेगळी खाती नव्हती. तलाव गाळाने भरतो तेव्हा स्मारकाचाच ऱ्हास होतो, पण गाळ काढण्याचा अर्ज ज्या टेबलावर जातो तेथे राष्ट्रकूटांचा संबंध पोहोचत नाही. नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचे संपादन रित्ती आणि शेळके यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. देगलूर, मुखेड, कंधार भागांतील कानडी आणि संस्कृत लेख वाचकांपुढे आले. ते लेख वाचणाऱ्याला देवळाला दिलेली जमीन, तलाव, बाजारावरचा कर, व्यापाऱ्यांच्या देणग्या असा अर्थव्यवहार दिसतो. पुरातन मराठवाड्याचा आर्थिक इतिहास त्या दगडांवर कोरला आहे, आणि त्यातला मोठा भाग कानडीत आहे, ही गोष्ट सीमाप्रश्नावर घसा कोरडा करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना पचण्यासारखी नाही.

कायद्याने जे साधले नाही ते एका माणसाने साधले, याचे उदाहरण शेजारच्या तेर गावात आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होईपर्यंत तेर आणि लातूर एकाच जिल्ह्यात होते, तेव्हा हे उदाहरण परके नाही. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव येते आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा त्याच्या मातीत आहेत. या मातीलाच गावकरी ‘पांढरी’ म्हणतात. जुन्या वस्तीच्या टेकाडांची ही माती माळवदावर पसरण्यासाठी, भिंती लिंपण्यासाठी, शेतात टाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून नेली गेली. मराठवाड्यातील अनेक प्राचीन वस्त्या अशा रीतीने छपरांवर जाऊन बसल्या आहेत. पाऊस पडला की पांढरीतून मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी वर येत. पोरे ती खेळायला नेत.

गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जमा करण्यास सुरुवात केली आणि आयुष्यभर केल्या. हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढे शासनाच्या हाती आला आणि आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे, व्हेसुव्हिअसच्या राखेखाली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण अभ्यासकांना होते. दोघींचे नाते बहिणींचे वाटावे इतके जवळचे आहे. लामतुरे पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. पांढरीतून वर आलेली वस्तू उचलून घरी नेणारा माणूस कायद्याच्या कोरड्या अक्षरानुसार संशयित ठरू शकला असता. प्रत्यक्षात त्याने जे वाचवले ते कोणत्याही अधिसूचनेने वाचले नसते. आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वस्तू तेरमध्येच राहिल्या. गावातल्या मुलाला आपल्या पणज्याच्या अंगणातला मणी पाहायला मुंबईला किंवा लंडनला जावे लागत नाही.

शास्त्रशुद्ध उत्खननवाले येथे आक्षेप घेतील की, कोणत्या थरात काय मिळाले याची नोंद नसलेल्या वस्तूचे अर्धे मोल नष्ट होते. आक्षेप बरोबर आहे. पण शास्त्रज्ञ येईपर्यंत पांढरी थांबणार नव्हती. थरांची नोंद करण्याचे साधे शिक्षण गावातल्या चार तरुणांना देणे अवघड नव्हते; त्यासाठी त्यांना चोर न मानता सहकारी मानावे लागले असते, एवढीच अडचण होती.

अर्थात पांढरीच्या आणि माळवदाच्या आठवणीत रमून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जी हजारो माणसे गाडली गेली ती याच मातीखाली. मातीच्या गाऱ्यात रचलेले जाड दगडी भिंताड आणि वर टनावारी पांढरीचे माळवद, असे ते घर होते. त्या घराला वारसा म्हणून कवटाळा, असे किल्लारीच्या विधवेला सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली आणि ते आवश्यकच होते. परंतु गाव हलले तेव्हा जुन्या गावठाणातील वेशी, गढ्या, बारवा, पारावरचे वीरगळ, सतीशिळा यांची यादी करण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने कोणावर केलेली नव्हती. त्या ‘संरक्षित’ नव्हत्या, म्हणून कायद्यापुढे त्या नव्हत्याच. माणसांना निवारा आधी, हे निर्विवाद. तरी पुनर्वसनाच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत गावागणिक एक वही आणि एक शिक्षक या कामासाठी देता आला असता. राजाच्या किल्ल्याला अधिसूचना आणि पाणक्याच्या बारवेला ढिगारा, हा वर्गभेद कायद्याच्या व्याख्येतच बसवलेला आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी येथवर मान डोलावली असेल. पुढचा भाग थोडा अवघड आहे. ‘वारसा गावाच्या हाती द्या’ ही घोषणा देणे सोपे. पण गाव म्हणजे कोण? पुरातन मूर्तीला ऑईलपेंट फासणारे, बाराव्या शतकातल्या देवळाच्या गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसवणारे आणि जीर्णोद्धाराच्या नावाने कोरीव खांब पाडून सिमेंटचे शिखर उभारणारे विश्वस्त मंडळही गावातलेच असते. त्यात बहुधा दलित नसतो, भटका नसतो, बाई नसते. देवळाच्या पायरीवर ज्यांना कालपर्यंत येऊ दिले नाही त्यांना विचारल्याशिवाय ते देऊळ कोणाचे, हे ठरवता येणार नाही.

याहून गंभीर प्रसंग मार्च २०२५ मध्ये मराठवाड्याने पाहिला. खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडून टाकण्याची मागणी उठली, १७ मार्चला नागपुरात दंगल पेटली. त्या वेळी कबरीभोवती उभे राहिले ते लोकमत नव्हते. ती केंद्राची संरक्षित वास्तू आहे या एका वाक्याचा आडोसा राज्यकर्त्यांनाही घ्यावा लागला. मृत बादशहाविषयी कोणाला प्रेम असण्याची गरज नाही. कायदा वास्तू कोणाची आहे हे न विचारता तिचे रक्षण करतो, ही त्याची थोरवी त्या दिवशी दिसली. औपनिवेशिक म्हणून सगळाच कायदा भिरकावून देऊ पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. त्याच वेळी या कायद्यांत एक चोरवाटही आहे. प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे स्वरूप गोठवणारा १९९१ चा कायदा प्राचीन स्मारकांना लागू नाही, असा अपवाद त्यात आहे. त्यामुळे संरक्षणासाठी केलेली नोंद उद्या खोदकामाच्या दाव्याला दार ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये असे नवे दावे आणि पाहणीचे आदेश यांना तात्पुरता अटकाव केला. तो तात्पुरता आहे.

म्हणून प्रश्न कायदा ठेवावा की मोडावा असा मांडता येत नाही. पाडण्याचा अधिकार कोणालाही नसावा, ना सरकारला, ना बहुसंख्येला. पण जपण्याचा, सांगण्याचा आणि त्यावर पोट भरण्याचा अधिकार गावाला असावा. आजचा कायदा नेमका उलटा चालतो. जपण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे ठेवला आहे आणि तो बजावण्यासाठी माणूस ठेवलेला नाही. संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये नोंदवले की, केंद्राच्या ३,६९३ स्मारकांपैकी २४८ ठिकाणीच पहारा आहे. त्याआधी २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांना पाहणी केलेल्या स्मारकांपैकी ९२ जागेवर आढळली नव्हती. पुढे त्यांतील काहींचा पत्ता लागला. केंद्राची ही स्थिती, तर राज्याच्या अखत्यारीतील कंधार, औसा, उदगीर, होट्टल यांच्या वाट्याला काय येणार!

होट्टलचा उल्लेख आला म्हणून सांगितले पाहिजे की, देगलूर तालुक्यातील या चालुक्यकालीन मंदिरांची पुनर्बांधणी राज्याच्या पुरातत्त्व खात्याने चांगली केली. ढासळलेला दगड पुन्हा आपल्या जागी बसवणे हे चिकाटीचे आणि कसबाचे काम असते. खाते मनावर घेईल तर काय होते, याचा तो पुरावा आहे. आता तेथे महोत्सव भरतो, नर्तिका आणि गायक येतात, पाहुण्यांचे हारतुरे होतात. वर्षाचे उरलेले दिवस त्या दगडांकडे कोण पाहते, हे महोत्सवाच्या पत्रिकेत छापलेले नसते.

राज्यकर्त्यांचे लक्ष असते ते वेगळ्याच ठिकाणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनला जाऊन महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी वाघनखांसाठी करार केला आणि जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. लुटारूकडून आपली वस्तू उसनी आणायची आणि विमानतळापासून मिरवणूक काढायची! ती वाघनखे महाराजांचीच, असे खात्रीने सांगायला ते संग्रहालयही तयार नाही. एप्रिल २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजार रुपये मोजून परत घेतली. पैसा मोजला याचे दुःख नाही. दुःख हे की, वसाहतवादी लूट परत मागण्याचा जो राजकीय आणि कायदेशीर लढा असतो, त्याऐवजी ग्राहक होणे पत्करले. युनेस्कोचा १९७० चा करार, ज्याला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली, तो मागच्या लुटीला लागू होत नाही. ब्रिटिश म्युझियमने स्वतःसाठी १९६३ चा असा कायदा करून घेतला आहे की वस्तू परत करणेच जवळजवळ बेकायदा ठरावे. लुटारू आपले कायदे किती काळजीने करतो ते पाहण्यासारखे आहे. उलट तामिळनाडूतील पत्तूर येथील नटराज १९९१ मध्ये लंडनहून परत आला तो न्यायालयात लढून, आणि तेथे इंग्रज न्यायाधीशांनी त्या ओसाड देवळाचा दावा मान्य केला. तो नटराज १९७६ मध्ये ज्याच्या कुदळीला लागला तो एक गरीब मजूर होता आणि मूर्ती त्याच्या हातून किरकोळ किमतीत गेली होती. साखळीचा पहिला दुवा सर्वत्र सारखाच असतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांत मराठवाड्यातील एकही नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला जेथे नमवले त्या उदगीरचा किल्ला आजही उभा आहे. त्याच्या आत उदयगीर महाराजांचा मठ आहे आणि तटावर फारसी लेख आहेत. असा सरमिसळ किल्ला कोणाच्याही मिरवणुकीत नीट बसत नाही, म्हणूनच तो जपला पाहिजे.

पहारेकरी नेमायला पैसा नाही म्हणून आता स्मारके दत्तक देण्याची टूम निघाली आहे. दिल्लीचा लाल किल्ला २०१८ मध्ये एका उद्योगसमूहाने पाच वर्षांसाठी घेतला. राज्याच्या संगोपन योजनेखाली शेजारचा नळदुर्ग किल्ला एका खासगी कंपनीकडे गेला. तेथे स्वच्छता आली, बाग आली, पर्यटक वाढले, हे नाकारता येत नाही. पण जी जबाबदारी कंपनीवर सोपवता येते ती ग्रामपंचायतीवर, बेरोजगार तरुणांच्या सहकारी संस्थेवर, पाथरवट-वडारांच्या सोसायटीवर का सोपवता येत नाही, याचे उत्तर मंत्रालयाने द्यावे. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी एकोणतीस विषय आहेत. त्यांत ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ आहेत, स्मारके नाहीत. ढोल गावाने वाजवायचा आणि दगड मुंबईने सांभाळायचा, अशी ही वाटणी आहे.

समाजवादी चळवळीचाही यात दोष आहे. वारसा म्हटला की देव, धर्म आणि पुढे दंगल, म्हणून तो विषयच नको, असे मानून चळवळीने हे रान मोकळे सोडले. दुसऱ्यांनी ते पेरले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात बसून नरहर कुरुंदकरांनी मनुस्मृतीपासून निजामी राजवटीपर्यंत साऱ्याची चिकित्सा करून दाखवली होती. त्यांच्या निधनाला चार दशके झाली, आणि त्यांचे नाव घेणाऱ्या किती शाखांनी आपल्या तालुक्यातील एक शिलालेख तरी वाचून घेतला?

मागण्या तरी फार मोठ्या नाहीत. सापडलेल्या वस्तूची किंमत धातूवर न ठरता तिच्या ऐतिहासिक मोलावर ठरावी आणि ती तीन महिन्यांत रोख मिळावी. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये. वस्तू शक्यतो तालुक्यातच, तेरसारख्या संग्रहालयात राहावी. प्रत्येक संरक्षित स्मारकाला गावातलाच पगारी राखणदार असावा आणि त्या नेमणुकीत ज्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले त्या जातींचा हक्क आधी असावा. अधिसूचनेच्या दोन महिन्यांत ग्रामसभा घेणे सक्तीचे व्हावे, आणि त्या सभेला गावकुसाबाहेरची वस्तीही बोलावली जावी. वास्तू पाडण्याचा ठराव मात्र त्या सभेलाही करता येऊ नये.

यातल्या शेवटच्या मागणीसाठी विधिमंडळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. अधिसूचनेची प्रत आजच्या कायद्यानेही स्मारकाजवळ डकवावीच लागते आणि हरकत कोणीही घेऊ शकतो. ती प्रत बहुधा वाऱ्याने उडते किंवा शेळी खाते. नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील राजपत्राच्या नोटिसा मिळवाव्यात, गावच्या चावडीवर मोठ्याने वाचाव्यात, आणि ज्यांची नोंद नाही त्या बारवांची, वीरगळांची यादी शाळामास्तरांच्या मदतीने दिवाळीच्या सुट्टीत पुरी करावी. खरोसा, मुखेड, होट्टल, कंधार येथून प्रारंभ करता येईल. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी एवढाच खर्च आहे, आणि बर्जेसच्या हातात तरी याहून फार वेगळे काय होते?